पाच पोफळी आणि पळीभर तेल

सुरत म्हटलं की मराठी माणसाला दोन सालं आठवतात, १६६४ आणि १६७०. चौथीच्या इतिहासात पाठ झालेली ही सालं पुढे सहसा विसरली जात नाहीत. आज त्यांतला इतिहास बाजूला ठेवू आणि फक्त अंक हातात घेऊ. १६६४ चे अंक उतरत्या क्रमाने लावले की ६६४१ मिळतात, चढत्या क्रमाने १४६६. मोठ्यातून लहान वजा केले की ५१७५. त्याचेही अंक तसेच लावायचे, तशीच वजाबाकी करायची: ५९९४. मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पायरीवर ६१७४. इथून पुढे जाताच येत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४ च उरतात. १६७० ची वाट थोडी जवळची आहे: ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, ती इथेच येऊन थांबते आणि सातपेक्षा जास्त पायऱ्या कुणालाच लागत नाहीत. म्हणजे १६६४ नं सगळ्यांत लांबची वाट धरलेली आहे.

हे मुलांना करून दाखवलं की दोन प्रकारची मुलं दिसतात. काही जण आणखी चार-पाच संख्या घेऊन पाहतात, खूश होतात आणि खेळायला जातात. एखादं मूल मात्र तिथेच घोटाळतं आणि विचारतं, असं का होतं? त्या मुलाला मदत करायची तर एवढंच सांगावं, की वजाबाकीचं उत्तर चार अंकांवर अवलंबून नसतं. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान अंकातला फरक ९९९ नं गुणायचा, मधल्या दोन अंकांतला फरक ९० नं, आणि दोन्हींची बेरीज करायची, तेच उत्तर. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो, आणि दुसरा त्याच्याहून मोठा होऊ शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर ५४ भरतात. जवळपास नऊ हजार संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत गोळा होतात! मग त्या ५४ वाटा एकेक करून पाहायला एक पेन्सिल, दोन पाठकोरे कागद आणि एक मोकळी दुपार पुरते.

मला आज बोलायचं आहे ते या दुपारीबद्दल. कागद-पेन्सिल कुठेही मिळते. दुपार मात्र कुणीतरी त्या मुलाला द्यावी लागते.

६१७४ चा शोध लावणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर डहाणूचे. मुंबईहून सुरतेला जाताना डहाणू रोड स्टेशन लागतं. तिथे १७ जानेवारी १९०५ ला त्यांचा जन्म झाला. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक, १९२९ मध्ये बी.एस्सी. आणि मग १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. विद्यापीठातली नोकरी नाही, मार्गदर्शक नाही. ६१७४ ची गंमत त्यांना १९४० च्या दशकात सापडली. स्वतःच्या पुस्तिका ते स्वतः छापून घेत, गणित परिषदांना स्वतःच्या खर्चानं जात, बोलावतील त्या शाळा-कॉलेजांत संख्यांच्या गमती सांगत. बऱ्याच जाणकारांना हे सगळं किरकोळ वाटे. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभरच्या कोडेप्रेमींना देवळालीचा पत्ता कळला. तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते.

त्यांच्या संख्यांपैकी मला सर्वांत आवडतात त्या स्वयंभू. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ होतात, म्हणून १५ ही २१ ची जननी. पण २० ला अशी जननीच नाही. कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून २० येत नाहीत. असा जन्म नसलेल्या संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं, आणि आपल्या गावाच्या नावानं देवळाली संख्याही म्हटलं. २० नंतर ३१, मग ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. दर वेळी अकराचं पाऊल. मुलं इथपर्यंत आली की नियम सापडल्याच्या आनंदात ११९ सांगून मोकळी होतात. पण १०९ मध्ये १, ० आणि ९ मिळवले की ११९ होतात, तेव्हा ११९ स्वयंभू नाही. पुढची संख्या ११० आहे. आठ वेळा खरं ठरलेलं नवव्या वेळी खोटं ठरतं, हे ज्या मुलानं स्वतःच्या हातानं अनुभवलं त्याला सिद्धता म्हणजे काय आणि ती कशाला हवी, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

कापरेकरांनी या सगळ्यासाठीचा वेळ शाळेतल्या नोकरीतून वाचवला, सुट्ट्यांतून काढला, पगारातून विकत घेतला. त्यांनी किंमत मोजली आणि ती एकट्यानं मोजली. हे थोर आहे, पण ज्या समाजात अशी किंमत ज्याची त्यानंच मोजायची असते तिथे कापरेकर पिढ्यांतून एखादाच होणार. आपल्याच मुलखात एकदा याहून चांगली व्यवस्था झाली होती, आणि ती दगडावर लिहून ठेवलेली आहे.

चाळीसगावपासून जवळ, डोंगराच्या कुशीत पाटण आहे. पाटणादेवी म्हणून लोक ओळखतात. तिथल्या देवळात सापडलेला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं मठ काढला, आणि स्थानिक निकुंभ राजानं शके ११२८ मध्ये त्याला दान दिलं. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण शेवटी खर्चाची तरतूद आली की भाषा मराठी होते. बाजाराशी बोलायचं तर बाजाराच्या भाषेत बोलायला हवं ना! पाटणच्या पेठेत माल विकला जाईल त्यावरचा राजाकडे जाणारा कर मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या. आणि जेवढे घाणे चालतील तेवढ्यांकडून पळी पळी तेल. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातला तेली आणि सुपारी देणारं गिऱ्हाईक मिळून कुणाच्या तरी पोराची गणिताची दुपार चालवत होते. ‘लीलावती’ शिकण्यासाठी बसलेल्या मुलाच्या दिव्यात बाजाराचं तेल होतं.

आणि ‘लीलावती’ कशी आहे पाहा. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला, त्यातला हा अंकगणिताचा भाग. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर जातो, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, या दोन हिश्शांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा दोन सुगंधांच्या मधे घिरट्या घालत राहतो; तर भुंगे किती? पंधरा. नऊ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुंध्याशी बीळ, आणि सत्तावीस हातांवरून बिळाकडे धावणारा साप. मोर तिरपी झेप घेतो, दोघं सारखंच अंतर कापतात, तर बिळापासून किती हातांवर भेटतील? बारा. व्यवहाराला असल्या भुंग्यांचा आणि मोरांचा काही उपयोग नाही. व्याज, मिश्रण, धान्याच्या राशी यांचीही गणितं त्याच पुस्तकात आहेत आणि तेली-वाण्यांना तीच कामाची. तरीही भास्कराचार्यांना भुंगा सोडवला नाही. उपयोगाचं गणित आणि गमतीचं गणित एकाच पोथीत शेजारी बसतं, आणि प्रश्न विचारला जातो तो बऱ्याचदा एका मुलीला, ‘बाले’ अशी हाक मारून. लीलावती त्यांची मुलगी होती ही कथा आपल्यापर्यंत आली ती फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून, तेव्हा ती इतिहास म्हणून घेता येत नाही. मुलीला उद्देशून विचारलेले प्रश्न मात्र पोथीतच आहेत.

पाटणचं पाणी गिरणेला मिळतं, गिरणा तापीला, आणि तापी सुरतेला. पाण्यामागून माणसंही गेली. जळगाव, धुळे, नंदुरबार इथून सुरत-भुसावळ रेल्वेनं तीन-चार पिढ्या सुरतेला उतरत आल्या आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत अहिराणी ऐकल्याशिवाय गल्ली ओलांडता येत नाही. पुरुष लूमवर, डाइंग मिलमध्ये, हिऱ्याच्या घंटीवर. बायका घरी साड्यांना लेस आणि टिकल्या लावतात. लूमची पाळी बारा तासांची. एका खोलीत दिवसपाळीचा माणूस निघतो तेव्हा रातपाळीचा झोपायला येतो, आणि त्या खोलीतल्या मुलाला अंथरुणाशेजारी गुपचूप बसावं लागतं. मुलगी असेल तर तिच्या हातात टिकल्यांची पुडी असते. मी ज्या दुपारीबद्दल बोलतो आहे ती या घरांत सगळ्यांत महाग आहे.

शाळा आहेत. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत शाळा चालवते, आणि याबद्दल या शहराचं कौतुक करावं तेवढं थोडं. गुजरातेत गणिताची परंपराही चांगली आहे. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे सापेक्षतावादात जगभर नाव असलेले गणिती. १९४० च्या दशकात बनारसला विष्णु वासुदेव नारळीकरांकडे शिकले, आणि पुढे गुजरात गणित मंडळ आणि ‘सुगणितम्’ हे गुजराती नियतकालिक उभं करण्यात त्यांनी आयुष्य घातलं. एवढ्या मोठ्या माणसानं शाळेतल्या मुलांसाठी आणि मास्तरांसाठी स्वभाषेत नियतकालिक चालवावं, हे मला त्यांच्या संशोधनाइतकंच मोलाचं वाटतं. आपल्याकडे मंगला नारळीकरांनी ‘गणितगप्पा’ लिहिल्या त्या याच ओढीनं. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं, आणि तिथून ऑलिम्पियाडची तयारी करून गेलेल्या मुलांच्या पिढ्या आहेत.

स्पर्धांबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण हल्ली मुलाचा गणिताच्या कोड्याशी पहिला संबंध स्पर्धेतूनच येतो. महाराष्ट्रातल्या शिष्यवृत्ती परीक्षेत पहिला पेपर ९० मिनिटांत ७५ प्रश्नांचा. एका प्रश्नाला ७२ सेकंद. ऑलिम्पियाडच्या पहिल्या पायरीला अलीकडे तीन तासांत ३० प्रश्न असतात, म्हणजे सहा मिनिटं. त्याच्या वरच्या प्रादेशिक परीक्षेत तीन तासांत सहा प्रश्न, अर्धा तास. आणि १९५९ मध्ये रोमानियात सुरू झालेल्या, १९९६ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये दोन दिवस, रोज साडेचार तास आणि तीनच प्रश्न; एका प्रश्नाला दीड तास. शिडी वर जाते तसा वेळ वाढतो. ज्यांनी या परीक्षा रचल्या त्यांना खरं गणित कशाला म्हणतात ते चांगलं माहीत आहे. त्यांनी सगळ्यांत हुशार मुलांना सगळ्यांत जास्त वेळ दिला. पण शिडीच्या तळाशी, जिथे लाखो मुलं उभी आहेत, तिथे ७२ सेकंद. तिथे मुलाला अडलेला प्रश्न सोडून पुढे जायला शिकवतात, आणि परीक्षेच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. सवय मात्र परीक्षेबरोबर संपत नाही. अडलं की सोडायचं, हे एकदा अंगात मुरलं की ६१७४ वर घोटाळणारं मूल घोटाळायचं थांबतं.

मी स्पर्धांच्या विरोधात नाही. पत्र्याच्या खोलीतून आलेलं एखादं पोर गुणवत्ता यादीत झळकतं तेव्हा ते आहे हे जगाला पहिल्यांदा कळतं. याला पर्याय मला दिसत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये स्पर्धकाला प्रश्नपत्रिका त्याच्या स्वतःच्या भाषेत मिळते, सात माध्यमांच्या शहरानं लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट. पण स्पर्धा घड्याळाची असलीच पाहिजे असं नाही. हंगेरीत १८९४ मध्ये ज्या वर्षी शालेय गणिताची मोठी स्पर्धा सुरू झाली, त्याच वर्षी ग्यॉर गावच्या दानिएल आरान्य नावाच्या मास्तरांनी मुलांसाठी एक मासिक काढलं. दर महिन्याला कोडी छापायची, उत्तरं टपालानं मागवायची, सर्वांत सुरेख उत्तर सोडवणाऱ्या मुलाच्या नावासह छापायचं. वर्षाअखेरीस सरस ठरलेल्या मुलांचे फोटोही छापून येऊ लागले. पोल एर्डेश या मोठ्या गणितज्ञाचा शाळकरी फोटो त्या मासिकात आहे. एका कोड्याला एक महिना. आठवडाभर अडून बसा, वडिलांना विचारा, मित्राशी भांडा, चुकीची वाट पकडून परत या. चुरस तीच, यादीत नाव येण्याची धडधड तीच, आणि तरी दुपार मुलाच्या मालकीची.

हे सुरतेत व्हावं असं मला फार वाटतं, आणि तिथली कोडी तिथल्याच कामातून यावीत असंही वाटतं. त्यासाठी आणखी एका माणसाची आठवण काढतो. एदुआर ल्युका हे फ्रेंच गणिती. तीन खांबांवरून चकत्या हलवण्याचं ‘हनोईचा मनोरा’ हे कोडं त्यांनी १८८३ मध्ये बाजारात आणलं. सोबत काशीच्या देवळातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची कल्पित कथा जोडली. गमतीच्या गणितावर त्यांनी खंडच्या खंड लिहिले. पण त्याआधी, १८६७ मध्ये, ते साटीनच्या विणीचं अंकगणित लिहून बसले होते. सुरतेच्या साडीतलं तेच गुळगुळीत, चकाकणारं साटीन.

पाच धाग्यांचा ताणा घ्या, धाग्यांना १ ते ५ आकडे द्या. बाण्याचा प्रत्येक दोरा ताण्याच्या एकाच धाग्याला बांधतो आणि बाकीच्यांवरून मोकळा सरकतो. म्हणूनच कापड चमकतं. पहिला बाणा १ ला बांधतो. पुढचा दोन घरं सरकून ३ ला, मग ५ ला, मग फिरून २ ला, मग ४ ला आणि परत १ ला. पाचही धागे बांधले गेले, आणि कुठल्याही दोन लागोपाठच्या गाठी शेजारी-शेजारी आल्या नाहीत. एकेक घर सरकलं असतं तर १, २, ३, ४, ५ अशी तिरपी रेघ उठली असती, जीन्सच्या कापडावर दिसते तशी. ते ट्विल, साटीन नव्हे. आठ धाग्यांवर तीनचं पाऊल टाका: १, ४, ७, २, ५, ८, ३, ६. झालं. आता सहा धाग्यांवर प्रयत्न करा. दोनचं पाऊल टाकलं तर १, ३, ५ आणि परत १. २, ४, ६ हे धागे कधी बांधलेच जात नाहीत, कापड सुटून येईल. तीननं १ आणि ४ इतकेच. चारनं १, ५, ३. पाचनं तिरपी रेघ, फक्त उलट्या बाजूची. सहा धाग्यांवर नियमित साटीन बसतच नाही. पाच आणि आठ धाग्यांचं साटीन सर्रास विणलं जातं, सहाचं तसं बसत नाही, हे विणकाराला हातानं माहीत असतं. त्यामागे सामाईक विभाजकाचं गणित आहे, सहावीच्या पुस्तकातलं.

लिंबायतच्या मुलाला इथे एक हक्काची गोष्ट आहे. ज्या मुलानं जन्मापासून लूमचा खडखडाट ऐकला, त्याचा बाप या कोड्यात पुस्तकापेक्षा जास्त जाणतो. रातपाळीहून आलेल्या बापाला ‘सहाचं साटीन का नाही?’ असं विचारणारी मुलगी आणि क्षणभर विचारात पडलेला बाप, या दोघांमध्ये जे घडेल ते कुठल्याही शिकवणीवर्गात विकत मिळणार नाही.

यासाठी लागतं काय? शाळेच्या फाटकाजवळ एक फळा. महिन्याला एक कोडं, सातही भाषांत. उत्तरं टाकायला एक पेटी. ती वाचून प्रत्येक मुलाला दोन ओळी लिहून देणारा एखादा शिक्षक, ज्याला त्या कामाचा मोबदला आणि वेळ मिळेल. शाळा सुटल्यावर दोन तास उघडी राहणारी, दिवे असलेली एक खोली, जिथे टिकल्यांची पुडी न आणता मुलीला बसता येईल. आणि मोठ्या अक्षरांत छापलेली नावं. रिंगरोडवरच्या कापडबाजारात एका दिवसात जितके ताके हलतात त्यांतल्या प्रत्येक ताक्यामागे पाच पोफळींएवढं काही बाजूला काढलं, तर असे फळे शहरभर लागतील. पाटणच्या मठाला दिलेला भाग हा बाजारानं केलेला धर्मादाय नव्हता, तो करच होता. पेठ चालते तोवर शाळा चालावी म्हणून हिशेबात धरलेला. सुरतेला हिशेब कुणी शिकवायला नको.

पहिल्या महिन्याच्या फळ्यासाठी कोडं तयार आहे. तीन धाग्यांवर साटीन बसत नाही, चारवर नाही, सहावर नाही. पाच, सात, आठ, नऊ, दहा यांवर बसतं. सहाच्या पुढे कुठेतरी, शंभरात, हजारात, लाखात, असा अडलेला आकडा पुन्हा सापडेल का? सापडत असेल तर दाखवा, नसेल तर का नाही ते लिहा. मुदत महिनाअखेरपर्यंत, घरी विचारायला हरकत नाही.